तळघरातला प्रोफेसर

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. संपादक मंडळातली माझी रूममेट मराठी विभागासाठी लेख दे म्हणाली तेव्हा मी हसलेच. पण ती ऐकेना. ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासले आहेत, त्यामुळे चुका राहिल्या असतील तर तिला मेसमध्ये गाठा!

लेख एका शास्त्रज्ञावर आहे. नाव लॉर्ड केल्विन. आपण सगळे त्याला ओळखतो, म्हणजे ओळखतो असं समजतो. थर्मोडायनॅमिक्सच्या प्रत्येक गणितात २७३ मिळवताना त्याचं नाव लिहितो, सेकंड इयरच्या जर्नलमध्ये केल्विन डबल ब्रिजची आकृती सीनियरच्या जर्नलवरून उतरवतो आणि व्हायवा झाला की विसरतो. मीही विसरले होते. माझी त्याच्याशी खरी गाठ पडली ती एक तार जाळल्यामुळे.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मी एका लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी गेले होते. काम होतं एकेकट्या नॅनोवायरचा रेझिस्टन्स मोजायचं आणि चुंबकीय क्षेत्रात ती कशी वागते ते बघायचं. तार निकेलची. जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा आठशेवा वगैरे भाग. अॅल्युमिनाच्या पातळ चकतीत बारीक बारीक भोकं असतात, त्यात इलेक्ट्रोप्लेटिंगने निकेल भरायचं, मग कॉस्टिकमध्ये चकती विरघळवायची. उरलेल्या तारा द्रवात घेऊन त्याचा थेंब सिलिकॉनवर टाकायचा. मायक्रोस्कोपखाली त्या सांडलेल्या शेवयांसारख्या दिसतात. त्यातली एक सरळ, एकटी पडलेली तार निवडून तिच्यावर सोन्याची चार टोकं बसवायची. हे शेवटचं काम पीएच.डी. करणाऱ्या एका ताईने केलं होतं. तिचा अख्खा आठवडा त्यात गेला होता.

त्या दिवशी हवा कोरडी होती आणि माझ्या अंगात नायलॉनचं स्वेटर. सॅम्पलला हात लावण्याआधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा असतो. दोन मिनिटांचं तर काम आहे, म्हणून मी तो बांधला नाही. जोडणी केली. ना आवाज, ना ठिणगी. मीटरवर फक्त ओपन सर्किट दिसलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर तार मधोमध तुटलेली, आणि दोन्ही टोकांना वितळलेल्या धातूचे दोन गोळे. कोरड्या हवेत आपल्या अंगावर हजार-दोन हजार व्होल्ट सहज साठतात आणि आपल्याला पत्ताही नसतो, कारण झटका जाणवायलाच त्याहून जास्त लागतात. नॅनोवायरला मात्र तेवढे पुरतात.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग तिने चहा मागवला आणि म्हणाली की हे करणारी तू पहिली नाहीस, १८५८ साली एकाने अटलांटिक समुद्राखालची तार अशीच जास्त व्होल्टेज देऊन मारली होती. आणि ती हळुवारपणे वापरा असं आधीपासून सांगणारा एक प्रोफेसर तिथेच होता. त्याच्याबद्दल वाच, मग दुसऱ्या तारेला हात लाव. त्या रात्री मी वाचायला बसले.

विल्यम थॉमसनचा जन्म २६ जून १८२४ चा, बेलफास्टमधला. (लॉर्ड केल्विन हे नाव त्याला फार उशिरा मिळालं. आणि मी त्याला एकेरीच म्हणणार आहे, इतक्या दिवसांनी तो मला परका वाटत नाही.) सहा वर्षांचा असताना आई गेली. वडील जेम्स थॉमसन गणिताचे शिक्षक, त्यांनीच मुलांना घरी शिकवलं. १८३२ मध्ये वडील ग्लासगो विद्यापीठात प्रोफेसर झाले आणि सगळं कुटुंब स्कॉटलंडला गेलं. दहाव्या वर्षी विल्यमचं नाव त्याच विद्यापीठाच्या पटावर लागलं. आपण दहाव्या वर्षी पाचवीत असतो!

सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याच्या हाती फुरियेचं उष्णतेवरचं पुस्तक पडलं. हो, फुरिये सीरीजवाला तोच. ते त्याने पंधरा दिवसांत वाचून काढलं. धातूच्या सळईतून उष्णता कशी पसरते याचं ते गणित आयुष्यभर त्याच्या कामी आलं. एकदा त्या गणिताने त्याला तारलं आणि एकदा फसवलं. दोन्ही गोष्टी पुढे येतीलच.

१८४१ मध्ये तो केंब्रिजला गेला. तिथे अभ्यासाबरोबर नाव वल्हवणं आणि बँडमध्ये वाद्य वाजवणंही चाललं होतं, आणि घरून वडिलांची खर्चाबद्दल काळजीची पत्रं यायची. (हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.) १८४५ च्या अंतिम परीक्षेत तो पहिला येणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आला दुसरा! त्यानंतर तो पॅरिसला रेन्यो नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत गेला. रेन्यो वाफेचे गुणधर्म फार काटेकोरपणे मोजायचा. थॉमसन तिथे पडेल ती मदत करायचा. कागदावरचं गणित उत्तम येणारा मुलगा तिथे मोजायला शिकला.

१८४६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो ग्लासगोत नॅचरल फिलॉसॉफीचा, म्हणजे फिजिक्सचा प्रोफेसर झाला. ही नेमणूक व्हावी म्हणून वडिलांनी जिवाचं रान केलं होतं. तीनच वर्षांत कॉलऱ्याने ते गेले. विल्यम मात्र त्या खुर्चीवर १८९९ पर्यंत, तब्बल ५३ वर्षं राहिला. केंब्रिजहून बोलावणी आली तरी ग्लासगो सोडलं नाही.

इथेच तळघर येतं. त्या काळी विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करायची पद्धत नव्हती. प्रोफेसरने टेबलावर प्रयोग दाखवायचा आणि मुलांनी बाकावरून बघायचा, इतकंच. थॉमसनने दारू साठवायचं एक जुनं तळघर मागून घेतलं आणि तिथे मुलांना घेऊन मोजमापं सुरू केली. ब्रिटनमधली विद्यार्थ्यांसाठीची पहिली फिजिक्स लॅब ती हीच, असं मानतात. आपल्या लॅबमधला पंखा चालत नाही म्हणून आपण कुरकुर करतो...

तळघरात मुख्यतः तारा आणि पट्ट्या मोजल्या जात. ताणल्यावर, तापवल्यावर, चुंबकत्व दिल्यावर धातूचे विद्युत गुण कसे बदलतात? या कामातून १८५६ मध्ये थॉमसनला एक छोटीशी गोष्ट सापडली. लोखंडातून वीज ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने त्याला चुंबकत्व दिलं, तर रेझिस्टन्स किंचित वाढतो. आडव्या दिशेने दिलं तर किंचित कमी होतो. निकेलमध्येही तसंच. हा फरक फार थोडा असतो. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून चाळीसेक वर्षं होती, त्यामुळे असं का होतं हे त्या काळी कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्याने ते मोजलं, रॉयल सोसायटीला कळवलं आणि तो पुढच्या कामाला लागला.

आता मी जाळलेल्या तारेकडे येते. एका नॅनोवायरचं चुंबकत्व थेट मोजायला जावं तर ते इतकं थोडं असतं की नेहमीच्या उपकरणाला त्याचा पत्ताच लागत नाही. लाखो तारांचा गठ्ठा एकदम मोजता येतो, पण मग सरासरी हाती येते. वर्गाची सरासरी काढली तर टॉपर कोण आणि केटी कुणाची हे कुठे कळतं? म्हणून एकट्या तारेला आपण आडून विचारतो. तिचं चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे हे न विचारता तिचा रेझिस्टन्स विचारतो. तो एकदम हलला की समजायचं, आत चुंबकत्वाने कूस बदलली. हे बरोबर १८५६ च्या तळघरातलं माप आहे. १९९० च्या दशकात हार्ड डिस्कवरची माहिती वाचणारी हेड याच गुणावर चालायची. एका माणसाने हौसेने नोंदवून ठेवलेला एक-दोन टक्क्यांचा फरक, त्याचा उपयोग व्हायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

पण थॉमसनला प्रसिद्धी दिली ती मोठ्या तारेने. १८५० च्या दशकात आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकखालून टेलिग्राफची केबल टाकायचं ठरलं. थॉमसनने १८५४ मध्येच गणित मांडलं होतं. केबलमधला तांब्याचा गाभा, त्याभोवती गटापर्चाचं इन्सुलेशन आणि बाहेर समुद्राचं पाणी, म्हणजे हजारो किलोमीटर लांब कपॅसिटरच झाला. इकडे दिलेला सिग्नल तिकडे एकदम न पोहोचता हळूहळू चढतो, सळईच्या एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाला पोहोचावी तसा. फुरियेचंच गणित! उत्तर असं आलं की उशीर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दहापट, तर उशीर शंभरपट.

कंपनीचा मुख्य इलेक्ट्रिशियन होता वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळ धंदा डॉक्टरकीचा. त्याला हे गणित मान्य नव्हतं. त्याच्या मते लांब तारेला जोरात धक्का दिला की झालं. थॉमसनचं म्हणणं उलट होतं. तांबं शुद्ध घ्या (तांब्याच्या नमुन्यानमुन्यात किती फरक असतो हे त्याने तळघरात मोजलं होतं), व्होल्टेज कमी ठेवा आणि पलीकडे अगदी नाजूक उपकरणाने ऐका. ते उपकरण त्याने स्वतः बनवलं, मिरर गॅल्व्हानोमीटर. रेशमाच्या धाग्यावर टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले इवलेसे लोहचुंबक, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून जरा वीज गेली की आरसा नावापुरता वळतो, पण त्यावरून परावर्तित झालेला दिव्याचा कवडसा दूरच्या पट्टीवर चांगला सरकतो.

१८५७ मध्ये केबल तुटली. १८५८ मध्ये पुन्हा प्रयत्न. व्हाइटहाउस तब्येतीचं कारण सांगून किनाऱ्यावर राहिला आणि बोटीवर गेला थॉमसन, तेही पगार न घेता. वादळात बोट उलटायची वेळ आली, केबल अनेकदा तुटली, पण ५ ऑगस्ट १८५८ ला दोन्ही टोकं किनाऱ्याला लागली. अमेरिकेत आतषबाजी झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचायला सुमारे १६ तास लागले! त्या केबलवरून गेलेला एक निरोप आपल्या देशाशीही जोडलेला आहे. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन पलटणींना परत निघायचा हुकूम झाला होता. उठाव आटोक्यात आल्यावर, आता निघू नका, हा उलट हुकूम ऑगस्टच्या शेवटी तारेने गेला आणि सरकारचे हजारो पौंड वाचले.

आणि मग केबल मेली. सिग्नल क्षीण होत होता तसा व्हाइटहाउस आपल्या प्रचंड कॉइल लावून जोर वाढवत गेला होता, दोन हजार व्होल्टच्या आसपास. एका महिन्याच्या आत केबल निकामी झाली. खरं सांगायचं तर सगळा दोष त्याचा नव्हता. केबल घाईत बनवली होती, उन्हात पडून होती, तिच्यात आधीपासून खोट होती. पण आजारी माणसाला हळू विचारायचं की हलवून हलवून विचारायचं, हा प्रश्न उरतोच. हे वाचताना मला माझं नायलॉनचं स्वेटर आठवत होतं.

१८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजावरून नवी केबल टाकताना ती मध्येच तुटली. १८६६ मध्ये दुसरी नीट टाकली गेली आणि समुद्राच्या तळातून आदल्या वर्षीचीही उचलून जोडली. दोन्ही वेळा थॉमसन जहाजावर होता. त्याच वर्षी तो सर झाला. पण मला आवडलेला प्रसंग वेगळाच आहे. सप्टेंबर १८६६ मध्ये लॅटिमर क्लार्क नावाच्या इंजिनियरने दोन्ही केबल पलीकडच्या टोकाला जोडायला सांगितल्या. म्हणजे तार अटलांटिक ओलांडून गेली आणि परत आली, सहा हजार किलोमीटरच्या आसपास. मग त्याने एका मुलीचं शिवणकामाचं चांदीचं अंगुस्तान मागून घेतलं, त्यात थोडं अॅसिड आणि जस्ताचा तुकडा टाकून बॅटरी केली आणि ती तारेला लावली. थॉमसनच्या आरशाचा कवडसा पट्टीवर सरकला! जिथे दोन हजार व्होल्ट हरले तिथे अंगुस्तानभर बॅटरी पुरली.

तीच ग्रेट ईस्टर्न १८७० मध्ये आपल्या मुंबईला आली आणि मुंबईहून एडनच्या दिशेने केबल टाकत गेली. इंग्लंडला समुद्राखालून जोडणाऱ्या तारेचं आपल्याकडचं टोक मुंबईत होतं.

आता केल्विन ब्रिज. अगदी कमी रेझिस्टन्स मोजताना घोळ असा होतो की जोडणीच्या तारा आणि सांधे यांचाच रेझिस्टन्स जास्त भरतो. थॉमसनने १८६० च्या सुरुवातीला यावर उपाय काढला. बाहेरच्या दोन टोकांनी करंट द्यायचा आणि आतल्या वेगळ्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचं. आतल्या टोकांतून जवळजवळ करंट जातच नाही, त्यामुळे सांध्यांचा हिशेब आपोआप गळतो. आजही चार टोकांच्या या जोडणीला केल्विनचंच नाव आहे. ताईने तारेवर दोन नाही, चार टोकं का बसवली होती ते मला तेव्हा कळलं. दुसरी तार मी आधी दोन टोकांनी मोजली तर मीटरने तीनशेच्या वर ओहम दाखवले. चार टोकांनी मोजली तर तारेचा वाटा निघाला पन्नासच्या आसपास. पहिला आकडा चुकीचा नव्हता. मीटर बरोबरच सांगत होतं. फक्त त्या आकड्यात तार कमी आणि सांधे जास्त होते.

आणि नेमकं इथेच थॉमसन स्वतः एकदा फसला. फुरियेचंच गणित घेऊन त्याने पृथ्वीचं वय काढलं. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती आणि तेव्हापासून थंड होते आहे असं धरलं. १८६२ मध्ये त्याचं उत्तर होतं दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षं. पुढे १८९७ पर्यंत तो दोन ते चार कोटींवर येऊन ठाम बसला. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत होते इतक्यात होणार नाही, डार्विनचे अनुयायी म्हणत होते इतक्यात होणार नाही. पण एवढ्या मोठ्या माणसाचं गणित खोटं कसं म्हणायचं? १८९५ मध्ये त्याचाच जुना सहायक जॉन पेरी याने दाखवलं की गणितात चूक नाही, गृहीतात आहे. पृथ्वीच्या पोटात उष्णता वेगळ्या, जास्त सोप्या वाटेने वाहत असेल तर वय कितीतरी वाढतं. थॉमसनने ते मनावर घेतलं नाही. आज आपण पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो. ज्या माणसाने जगाला सांधे वगळून मोजायला शिकवलं, त्याला स्वतःच्या गणितातला सांधा दिसला नाही. मला यात त्याची थट्टा करावीशी वाटत नाही. उलट भीती वाटते. त्याचं असं होतं, तर आपण कोण!

घरची बाजू सोपी नव्हती. १८५२ मध्ये मार्गारेट क्रमशी लग्न झालं आणि लवकरच तिची तब्येत ढासळली ती कायमची. १८७० मध्ये ती गेली. मधल्या काळात बर्फावर खेळताना थॉमसनचा पाय मोडला आणि तो जन्मभर लंगडत चालला. १८७४ मध्ये फ्रान्सेस ब्लँडीशी दुसरं लग्न केलं. १८९२ मध्ये तो लॉर्ड झाला आणि नाव घेतलं केल्विन, त्याच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं. तेव्हा आपण एककाला म्हणतो ते नाव मुळात एका लहान नदीचं आहे.

१८९६ मध्ये प्रोफेसरकीची ५० वर्षं झाली म्हणून ग्लासगोत मोठा समारंभ झाला. देशोदेशीचे लोक आले. त्या भर सत्कारात हा माणूस उभा राहून म्हणाला की वीज आणि पदार्थ यांचं नातं समजून घ्यायचे आपले इतक्या वर्षांचे प्रयत्न म्हणजे अपयशच आहे. १८९९ मध्ये निवृत्त झाला आणि लगेच त्याच विद्यापीठात विद्यार्थी म्हणून नाव घातलं! दहाव्या वर्षी पटावर होता, पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा पटावर. १७ डिसेंबर १९०७ ला तो गेला. वेस्टमिन्स्टर अॅबीत न्यूटनच्या जवळ त्याला पुरलं.

एक नाव राहिलं. जॉन केर. थॉमसनच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, पण वयाने बरोबरीचा. जन्म १८२४ चाच आणि मृत्यूही १९०७ चाच. तो ग्लासगोतल्या एका शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात शिकवायचा. १८७६ मध्ये त्याला आढळलं की लोहचुंबकाच्या चकचकीत ध्रुवावरून प्रकाश परावर्तित झाला की त्याचं ध्रुवीकरण किंचित वळतं. आमच्या लॅबमधला दुसरा मायक्रोस्कोप याच तत्त्वावर चालतो. लेसरचा बारीक ठिपका एका तारेवर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून चुंबकत्व कधी उलटलं ते बघायचं, तारेला हातही न लावता. म्हणजे नॅनोवायर मोजायच्या दोन्ही वाटा एकाच गावातून, एकाच तळघराच्या ओळखीतून निघाल्या.

शेवटच्या आठवड्यात ताईने दुसरी तार माझ्या हाती दिली. मी सुती शर्ट घातला, मनगटाला पट्टा बांधला, सगळी टोकं आधी अर्थ केली आणि काही मायक्रोअँपिअरपासून सुरुवात केली. चुंबकीय क्षेत्र तारेला आडवं हळूहळू वाढवत नेलं. रेझिस्टन्स खाली येत गेला. सगळा मिळून दीड टक्क्याच्या आसपास फरक. स्क्रीनवर एक साधी वक्र रेघ उमटली. ताई मागे उभी होती. तिने माझ्या मनगटावरचा पट्टा एकदा तपासला आणि चहा सांगायला गेली.

मित्रमैत्रिणींनो, सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग्ज जुळवायची कला आपल्या सगळ्यांना अवगत आहे, मलाही. पण पुढच्या वेळी केल्विन ब्रिजला बसाल तेव्हा एकदाच खरी रीडिंग्ज घेऊन बघा. करंट कमी ठेवा. आकडा आला की लगेच लिहू नका, या आकड्यात तार किती आणि सांधे किती, हे आधी विचारा.